डोंगरावर चढलेला कालवा

इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये ‘क्रॉमफर्ड अँड हाय पीक’ नावाची एक रेल्वे होती. लांबी ५३ किलोमीटर, आणि काम मुख्यतः मालवाहतुकीचं. १८३० साली तिचा पहिला टप्पा सुरू झाला, १९६७ साली शेवटचा उरलेला भाग बंद पडला. जाणकारही तिला बऱ्याचदा ‘जन्मतःच कालबाह्य’ म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. आगगाडीच्या हिशेबाने पाहिलं तर ही रेल्वे विक्षिप्त वाटते, हे खरं. पण ती आखणारा माणूस कालव्यांचा होता. त्याच्या नजरेने पाहू लागलं की तिची एकेक जागा उलगडत जाते.

या माणसाचं नाव जोसायस जेसप. त्याचे वडील विल्यम जेसप हे त्या काळचे नामांकित कालवे-अभियंते; क्रॉमफर्डचा कालवाही त्यांच्याच हातचा. हा कालवा डोंगरापलीकडच्या पीक फॉरेस्ट कालव्याला जोडला की मँचेस्टरची वाट जवळची होणार होती. मध्ये मात्र चुनखडीचं पठार आडवं. चुनखडीत पाणी ठरत नाही, मुरून जातं. मग कालवा भरायचा कशाने? म्हणून १८२५ च्या मे महिन्यात रेल्वेचा कायदा मंजूर झाला. वाफेच्या रेल्वेची नांदी ठरलेली स्टॉक्टन-डार्लिंग्टनची गाडीदेखील तेव्हा धावू लागली नव्हती. वाफेचं इंजिन डोंगर चढेल यावर कोण विसंबणार? जेसपने कालवाच आखला, फक्त पाण्याच्या जागी रूळ टाकले.

मार्गाचा उभा छेद पाहावा. घाटातली रेल्वे चढ थोडा थोडा वाटून घेते. आपल्या बोरघाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे आणि तोही अवघड मानतात. जेसप चढ वाटत नाही, साठवतो. कालवा मैलोनमैल एका पातळीत नेतात आणि उंची गाठायची वेळ आली की एकापुढे एक लॉक, म्हणजे दरवाजांचे हौद, बांधून नावा पायऱ्यांनी चढवतात. इथे लॉकच्या जागी वाघिणी ओढून चढवायच्या तीव्र उतरणी आहेत, एकूण नऊ. क्रॉमफर्डच्या बाजूला पहिल्या काही मैलांतच चार येतात. मिडलटनच्या उतरणीवर साधारण आठ फुटांना एक फूट. चारही चढून वर पोचलं की पठारावर मार्ग कितीतरी मैल जवळजवळ सपाट. सगळी तीव्रता मोजक्या जागी कोंडायची आणि बाकीची वाट मोकळी ठेवायची, ही मांडणी केवढी धीट!

पठारावरची वळणं हळू चालत पाहण्यासारखी आहेत. सपाटी मोडू नये म्हणून मार्ग डोंगराच्या अंगालगत, समान उंचीच्या रेषेने फिरतो. गॉथमपाशी वळणाची त्रिज्या अवघी ५५ यार्ड, म्हणजे पन्नास मीटर. कालव्यातली नाव असल्या वळणावर निमूट वळते. लांब इंजिनाला ते जमत नसे, म्हणून इथे आखूड बांध्याचीच इंजिनं चालवावी लागली. जिथे वळूनही भागत नाही तिथे भराव आहे. मिनिंगलोचा भराव चुना-सिमेंट न वापरता नुसत्या दगडावर दगड रचून उभा आहे. रचाईचे सांधे जवळून पाहावेत. गवंड्याचा हात अजून वाचता येतो.

मिडलटनच्या माथ्यावरचं इंजिनघर हा या साऱ्या रचनेचा गाभा. बटर्ली कंपनीचं १८२९ चं जोड बीम-इंजिन तिथे आजही आहे. दोन आडव्या तुळया, दोघींचा जोर एकाच दांड्यावर. उतरणीवर दुहेरी रूळ. वाघिणी आधी साखळीला, पुढच्या काळात तारदोराला अडकवत. भरल्या वाघिणी खाली उतरताना त्यांच्याच वजनाने रिकाम्या वर खेचल्या जात, आणि इंजिनाने भरायचा तो उरलेला फरक. अंगावर येणाऱ्या भारालाच कामाला लावायचं, यात मला अस्सल कारागिरी दिसते. हे इंजिन १९६३ पर्यंत राबलं.

हा तोल बिघडला की काय होई, तेही मार्गावर लिहिलेलं आहे. १८८८ साली शीप पाश्चरच्या उतरणीवरून सुटलेल्या वाघिणी खालचा कालवा आणि त्यापलीकडची दुपदरी रेल्वे ओलांडून गेल्या. त्यानंतर पायथ्याजवळ एक खड्डा खणला. सुटलेली वाघीण त्यात वळवायची. त्यात पडलेल्या वाघिणींचे अवशेष अजून तिथेच आहेत.

हॉप्टनची उतरण वेगळीच. चौदा फुटांना एक फूट चढ. पण १८७७ नंतर तिथला दोर काढला आणि इंजिनं स्वतःच्या चाकांवर ती चढू लागली. ब्रिटनमध्ये साध्या चाकांनी चढायचा याहून तीव्र चढ कुठे नव्हता. चालक दुरून वेग घेऊन भिडत. न जमलं तर गाडी तोडून थोड्या थोड्या वाघिणी वर नेत. जेसपच्या रचनेत न बसणारी ही एकच जागा, आणि नेमकी तीच सर्वात थरारक.

पाणी नाही म्हणून जन्मलेल्या या रेल्वेला पुढे पाणीच वाहावं लागलं. वरच्या इंजिनांसाठी आणि एकाकी घरांसाठी जुन्या टेंडरांत, म्हणजे इंजिनामागच्या पाणी-कोळशाच्या डब्यांत, पाणी भरून ते क्रॉमफर्डहून उतरणींवरून वर चढवत. स्थानकांची नावं तर सुरुवातीपासून धक्क्यांचीच: हर्डलो व्हार्फ, फ्रायडन व्हार्फ. जवळपास होडी नाही, पाणी नाही, पण पाटीवर मात्र धक्का. हे सारं पाहायला जेसप उरला नव्हता; तो १८२६ सालीच वारला. काम टॉमस वुडहाउसने पुरं केलं. न्यूहेवनच्या बोगद्याच्या कमानीवर दगडात कंपनीचं चिन्ह कोरलं आहे आणि अभियंता म्हणून नाव आहे जेसपचं. बोगद्याची लांबी जेमतेम पन्नास मीटर, तरी नाव कोरावंसं वाटलं, यात त्या माणसाची किंमत ओळखलेली दिसते.