चित्र आधी की चाल आधी?

आपल्या ॲनिमेशनला गाणं मिळतं, संगीत मिळत नाही. 1993 साली दूरदर्शनवर आलेलं 'जंगल बुक' आठवा. चित्रं जपानी, निप्पॉन ॲनिमेशनची. आपल्याला पाठ आहे ते गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचं हिंदी शीर्षकगीत. मोगली पडद्यावर धावायचा कसा, हे विचारलं तर मात्र आपण अडखळतो. पुढच्या देशी मालिकांनी हाच धडा गिरवला. झोकदार शीर्षकगीत, ते संपलं की आदळआपट, आणि प्रत्येक आपटण्याला एक 'ढँण'. पावलागणिक सूर ही अमेरिकन कार्टूनची जुनी सवय, थेट 1928 च्या 'स्टीमबोट विली'पासूनची. पण तिथे आधी तालाचा आराखडा मांडायचे आणि मग त्यावर चित्रं चढवायचे. आपण आवाज तेवढा उचलला.

असं नेहमीच नव्हतं. 1974 सालच्या 'एक अनेक और एकता' या ॲनिमेशन लघुपटात विजया मुळे यांचं दिग्दर्शन, भीमसैन यांचं ॲनिमेशन आणि वसंत देसाईंचं संगीत आहे. 'दो आँखें बारह हाथ' आणि 'गुड्डी'मधल्या देसाईंच्या प्रार्थना शाळाशाळांत गायल्या गेल्या; पोरांचा घोळका कुठे श्वास घेतो, कुठे जोर लावतो, हे त्यांना ठाऊक होतं. छोट्या साधना सरगमच्या आवाजातली चाल इतकी सरळ आहे की तिच्यावर साधी सपाट चित्रंही उडतात. पारध्याचं जाळं घेऊन थवा वर जातो तेव्हा समूहाने गायची चाल आणि समूहाने उडायचं चित्र एकाच कामाला लागलेलं असतं.

त्याच सुमाराला पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती उलट्या वाटेने चालले होते. 'एक्स्प्लोरर' (1968) या त्यांच्या लघुपटात बासरीवादक विजय राघव राव यांचं संगीत चित्राला गोंजारत नाही, डिवचतं. सरकारी पैशातून हे झालं, याचं आजही नवल वाटतं. शिल्पा रानडे यांचा 'गोपी गवैया बाघा बजैया' (2013) हाही वेगळा नमुना. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन शाळेत शिकवणाऱ्या या दिग्दर्शिकेने गोष्टच अशी निवडली की गाणं ऐकणारा जागच्या जागी खिळतो. हालचालीवर जगणाऱ्या माध्यमात संगीताने हालचाल थांबवायची!

बाकी ठिकाणी संगीत शेवटी येतं. वास्तविक आपल्या तालांचं गणित ॲनिमेशनला सोयीचं आहे. पडदा सेकंदाला 24 फ्रेम मोजतो. मिनिटाला 120 मात्रांचा केरवा घेतला तर मात्रा 12 फ्रेमची आणि आठ मात्रांचं आवर्तन 96 फ्रेमचं. एकेक चित्र दोन फ्रेम धरायच्या रीतीने 48 चित्रं झाली की पुन्हा सम. समेवर पाऊल पडावं की मुद्दाम चुकावं, हे चित्रकाराने कागदावरच ठरवावं. गवयाने समेला हुलकावणी दिली की बैठक जशी सावरून बसते, तशी गंमत कार्टूनमध्ये मला क्वचितच दिसली.

आणि सूर व हालचाल यांची जोडी कशी असते ते पाहायला गोरेगावच्या चित्रनगरीतून फार लांब जायला नको. शेजारीच आरे कॉलनी. 1949 साली दुधासाठी ती वसवली गेली. तिथले वारली पाडे त्याहून जुने. वारल्यांच्या तारपा नाचात तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा मध्ये असतो आणि बाकीचे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. तारप्याचा सूर बदलला की फेर दिशा बदलतो. म्हणजे आवाज हाच दिग्दर्शक. वारली चित्रात हा फेर वेटोळ्यासारखा काढतात आणि प्रत्येक माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. शरीर कुठून वळणार ते कमरेच्या त्या टिंबात आधीच ठरलेलं. ॲनिमेटरला याहून तयार आकृती कोण देणार?

पण जाहिरातींत आणि मोबाईलवर फिरणारी वारली ॲनिमेशनं बहुधा कुठल्याही बासरी-ढोलकीवर डोलतात. फेर वळतो तो सूर बदलला म्हणून नाही, दोन सेकंद झाली म्हणून. आरेतल्याच केलटीपाड्याच्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'स्वदेशी' या रॅप मंडळींनी 2019 साली 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं. जंगल, जमीन आणि वारली आवाज तिथे एकत्र आले. तशाच हट्टाने कुणी पाड्यावर बसून आधी तारपा ध्वनिमुद्रित करावा, मग फ्रेमा मोजाव्यात. माणसाच्या श्वासावर चालणारी ती मात्रा कधी 12 फ्रेमची भरेल, कधी 13 ची. संगणकावर ती सारखी करणं एका क्लिकचं काम आहे; तेवढं करू नये.