क्वीनची दहा गाणी, ग्रेस मार्कांशिवाय



आजचा विषय कळवला तेव्हा आयोजकांनी आधी विचारलं, "याला व्याख्यान म्हणायचं का?" प्रश्न रास्त होता. एका रॉक बँडची दहा सर्वोत्तम गाणी निवडायची आणि त्यांना नंबर द्यायचे, हे काम चहाच्या टपरीवरचं. सुरुवात तिथेच झाली, हेही कबूल करतो. आम्ही पाच मित्र. कॉलेजात असताना कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेलं क्वीन ऐकायचो. मूळ कॅसेट कुणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आता सगळ्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. गेल्या पावसाळ्यात चार रविवार बसून आम्ही ही यादी केली. बोलायला एकच जण उभा असला तरी यादी पाचांची आहे, म्हणून सगळीकडे 'आम्ही' म्हणणार आहोत.

पहिल्या रविवारी पाचही जणांनी आपापल्या दहा गाण्यांचे कागद टेबलावर ठेवले. ते वाचल्यावर लक्षात आलं की आपण गाण्यांना नंबर दिलेलेच नाहीत. कुणी फ्रेडी मर्क्युरीला दिले होते, कुणी सिनेमाला, तर कुणी स्वतःच्या विशीला. गाणं राहिलं बाजूला. म्हणून दुसऱ्या रविवारी आधी नियम ठरवले. शाळेत काठावरच्या मुलाला ग्रेस मार्क देऊन वर ढकलतात ना, तसे मार्क इथे कुणालाच द्यायचे नाहीत.

पहिला नियम : पाचगणीचे मार्क नाहीत. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारूख बुलसारा, पारशी घरातला, १९४६ साली झांझिबारमध्ये जन्मलेला. लहान वयात तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला, तिथे पियानो शिकला आणि 'हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागला. हे सांगताना आपली मान ताठ होते, होऊ द्या. पण महाबळेश्वरच्या वाटेवर ती शाळा लागते म्हणून एखादं गाणं चांगलं ठरत नाही.

दुसरा नियम : मैदानाचे आणि पडद्याचे मार्क नाहीत. १३ जुलै १९८५ ला वेम्बली स्टेडियमवर 'लाइव्ह एड'मध्ये क्वीननं वीसेक मिनिटांत जे केलं ते अफाट होतं. पण आपण तोलतो आहोत ध्वनिमुद्रित गाणं. २०१८ सालच्या चित्रपटाचंही तेच. त्यात फ्रेडी 'लाइव्ह एड'च्या आधीच आपल्या आजाराबद्दल सोबत्यांना सांगतो. प्रत्यक्षात निदान झालं १९८७ च्या सुमारास. पटकथेच्या सोयीसाठी तारीख मागे ओढली गेली, आणि आपण थिएटरात रडलो. ते रडणं खरं असेल, पण ते गाण्याच्या खात्यावर जमा करता येणार नाही.

तिसरा नियम सगळ्यांत अवघड : मृत्यूचे मार्क नाहीत. २३ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडीनं आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. त्यानंतर शेवटच्या काळातली सगळी गाणी आपण मान खाली घालूनच ऐकतो. या नियमावर आमच्यात भांडण झालं. त्याकडे येतोच.

आता यादी. खालून वर जाऊ.

दहावं, 'रेडिओ गा गा', १९८४. ड्रमवाल्या रॉजर टेलरचं गाणं. टीव्ही आणि व्हिडिओच्या गर्दीत रेडिओ मागे पडला, याची हळहळ त्यात आहे. गंमत अशी की ते गाजायला व्हिडिओचाच मोठा हातभार लागला. त्यात फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस' या जुन्या मूकपटातली दृश्यं वापरली आहेत. चाल सरळ, यंत्रावरचा ठेका जरा कोरडा, म्हणून दहावं. पण ज्यांनी रात्री उशाशी ट्रान्झिस्टर ठेवला आहे, त्यांना ते यादीबाहेर काढवणार नाही.

नववं, 'डोन्ट स्टॉप मी नाऊ'. पियानो, बेस, ड्रम, आणि गिटार जवळजवळ फक्त मधल्या तुकड्यापुरती. साडेतीन मिनिटं उतारावरून ब्रेक नसलेली सायकल. त्याहून अधिक काही सांगायचा त्याचा दावाही नाही.

आठवं, 'थर्टी-नाइन'. हे नाव ऐकून काही जण चमकतील. गिटारवादक ब्रायन मेनं १९७५ च्या 'अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा' या अल्बमसाठी हे लिहिलं आणि स्वतःच गायलं. ऐकायला साधं लोकगीत. गोष्ट मात्र अंतराळवीरांची. ते प्रवासाला जातात, त्यांच्या हिशोबानं एक वर्ष होतं, परत येतात तर पृथ्वीवर पिढ्या उलटलेल्या असतात. आइनस्टाइनचा सापेक्षतावाद जात्यावरच्या ओवीसारखा सांगितलाय. मे खगोलभौतिकीचा संशोधक होता. बँडपायी पीएचडी अर्धवट सोडली आणि २००७ साली पुरी केली. घरी परतलेल्या माणसाला घरचं कुणी उरलेलं नसणं, हे दुःख समजायला भौतिकशास्त्र यावं लागत नाही.

सातवं, 'किलर क्वीन', १९७४. त्यांचं पहिलं मोठं यश, ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेलं. तीन मिनिटांच्या या गाण्यात जवळजवळ प्रत्येक ओळीवर वेगळी कलाकुसर आहे, कुठे चुटकी, कुठे मागचे आवाज, कुठे एकावर एक चढवलेल्या गिटारी. तरी गाणं दागिन्यांखाली दबत नाही.

सहावं, 'अंडर प्रेशर', १९८१. स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोच्या स्टुडिओत डेव्हिड बोवी आला आणि वाजवता वाजवता हे गाणं तयार झालं. जॉन डीकनच्या बेसचे ते मोजके सूर आता जगाला पाठ आहेत. फ्रेडी यात बराच वेळ शब्दांशिवायच गातो. एरवी आम्ही याला हात आखडल्याची खूण मानलं असतं, शब्द सुचले नाहीत असं म्हटलं असतं. पण ताणाखालच्या माणसाला शब्द फुटत नाहीत, आणि इथे तेच ऐकू येतं.

पाचवं, 'अनदर वन बाइट्स द डस्ट', १९८०. लेखक जॉन डीकन, चौघांतला सर्वांत अबोल. 'शिक' या डिस्को बँडचा संस्कार त्यावर उघड आहे. हे सिंगल म्हणून काढा, असा आग्रह मायकल जॅक्सननं धरला होता आणि अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्या बँडनं सत्तरच्या दशकात अल्बमच्या वेष्टनावर 'सिंथेसायझर वापरलेला नाही' असं छापलं, सुरांचे मजले चढवले, त्यानं इथे सगळं उतरवून फक्त बेस आणि कोरडा ड्रम ठेवला. भरजरी कपडे घालणाऱ्यानं साध्या सदऱ्यातही तितकंच उठून दिसावं, तसं.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. चौघांपैकी प्रत्येकानं वरच्या क्रमांकांत गेलेली गाणी लिहिली आहेत. असे बँड फार नाहीत. म्हणून क्वीनची यादी केवळ फ्रेडीची यादी झाली, तर यादी करणाऱ्यानं नीट ऐकलेलं नाही असं खुशाल समजावं.

चौथ्या क्रमांकाआधी आता ते भांडण.

आम्हा पाचांपैकी चौघांच्या कागदावर 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' होतं. रॉजर टेलरचं गाणं, तरुणपणीच्या दिवसांकडे मागे वळून पाहणारं, हळुवार. १९९१ च्या मे महिन्यात त्याचं चित्रीकरण झालं. फ्रेडी फार खंगला होता, ते झाकावं म्हणून चित्रण कृष्णधवल ठेवलं. कॅमेऱ्यासमोरचं त्याचं ते अखेरचं काम. शेवटी तो थेट आपल्याकडे पाहतो आणि निरोप घेतो. ते पाहून ज्याचा घसा दाटत नाही त्याच्याशी आम्हाला फारसं बोलायचं नाही.

पण तिसरा नियम लावला, पडदा मिटला, नुसता आवाज ऐकला. उरलं एक गोड, साधं, थोडं सपाट गाणं. घसा दाटत होता तो चेहऱ्यामुळे. गाणं यादीबाहेर गेलं. आमच्यातला एक जण उठला, म्हणाला, "माणूस वजा करून गाणं ऐकायचं असेल तर मला नाही ऐकायचं." पुढच्या रविवारी तो आलाच नाही.

त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, म्हणून आम्ही तेच माप दुसऱ्या गाण्याला लावून पाहिलं. तेच आमचं चौथं, 'द शो मस्ट गो ऑन'. लिहिलं प्रामुख्यानं ब्रायन मेनं, नावावर चौघांच्या, कारण तोवर सगळी गाणी एकत्र नावानं काढायची असं ठरलेलं होतं. मेनं पुढे सांगितलं आहे की सूर इतके उंच होते की फ्रेडीला ते झेपतील का, अशी त्याला शंका होती. फ्रेडीनं व्होडकाचा घोट घेतला आणि गाऊन टाकलं. आता हा किस्सा विसरा. नुसतं ऐका. सुरावट पायरी पायरीनं वर सरकते, आवाजाखालची जमीन उचलत नेते, आणि गळा प्रत्येक पायरीवर तिच्याही वर जाऊन उभा राहतो. मृत्यूची बातमी ज्याला माहीत नाही अशा पोरालाही कळतं की इथे कुणीतरी कशाशी तरी झुंजतंय. म्हणजे मृत्यू इथे बाहेरून चिकटवलेला नाही, करणाऱ्यांनी तो सुरांत घातलेला आहे. फरक एवढाच आहे, आणि आमच्या मते समीक्षेचं निम्मं काम हा फरक ओळखणं आहे : गाण्यानं काय आणलं, आणि आपण घरून काय आणलं. माणूस वजा करायचा नाहीच. तो गाण्यात कुठे आहे, ते शोधायचं.

तिसरं, 'वुई विल रॉक यू', १९७७. दोनदा पाय, एकदा टाळी. ना ड्रम, ना बेस. गिटार येते थेट शेवटी. मोजक्या माणसांनी लाकडी फळ्यांवर पाय आपटले आणि मेनं ते ध्वनी वेगवेगळ्या अंतरानं एकमेकांवर असे रचले की हजारोंचा जमाव वाटावा. हे विजयगीत म्हणून स्टेडियमवर वाजतं. पण कडवी लक्ष देऊन ऐका. पहिल्यात रस्त्यावरचा पोरगा, दुसऱ्यात तापट तरुण, तिसऱ्यात याचक डोळ्यांचा म्हातारा. प्रत्येक वेळी तोंडाला चिखल. जिंकलेलं कुणीच नाही. एका माणसाचं हरत गेलेलं आयुष्य आणि भोवती टाळ्या पिटणारा जमाव, दोन्ही एकाच ठेक्यावर. जोडीचं 'वुई आर द चॅम्पियन्स' आम्ही घेतलं नाही ते यामुळेच. त्यात जमाव आहे, तो म्हातारा नाही.

दुसरं, 'बोहेमियन रॅप्सडी'. होय, दुसरं. (सभागृहात गलका.) थांबा, ऐकून तर घ्या. ५ मिनिटं ५५ सेकंद, सर्वत्र म्हणता येईल असं ध्रुवपद नाही, १९७५ साली ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिला क्रमांक, १९९१ मध्ये पुन्हा पहिला. एवढं धाडस रॉकमध्ये क्वचितच कुणी केलं. आईपाशी खुनाची कबुली देणारा मुलगा, मग गिटार, मग ऑपेराचा तो भव्य तमाशा, मग आग, मग राख. तक्रार एकच. ऑपेरा सुरू झाला की आपण त्या मुलाला विसरतो आणि कारागिरी बघत बसतो. तो पुन्हा भेटतो शेवटी, आणि तोवर आपण टाळ्या वाजवायच्या तयारीत असतो. कौतुक करावं असं गाणं आणि ज्याच्यात आपण सापडतो असं गाणं, यात आम्ही दुसऱ्याला झुकतं माप दिलं.

म्हणून पहिलं, 'समबडी टू लव्ह', १९७६. लेखक फ्रेडी, प्रेरणा अरेथा फ्रँकलिनची. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली गायकी, एक जण आळवणार आणि समूह झेलणार. पण इथला समूह म्हणजे तीन माणसं : फ्रेडी, ब्रायन, रॉजर. तोच तोच आवाज पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून उभं केलेलं अख्खं देऊळ म्हणा ना. तंत्र 'बोहेमियन रॅप्सडी'चंच, पण इथे ते गोष्टीच्या आड येत नाही. गोष्ट आहे राबणाऱ्या माणसाची. हाडं दुखेपर्यंत काम करतो, घरी येऊन गुडघ्यावर बसतो, देवाला विचारतो, माझ्या वाट्याला प्रेमाचं माणूस का नाही? देवाशी असं तोंड सोडून भांडणं मराठी माणसाला नवीन नाही. आपल्या संतांनी विठ्ठलाला काय काय सुनावलंय! भजनात टाळकरी ओळ उचलतात तेव्हा गाणाऱ्याचं एकट्याचं दुःख सगळ्यांचं होतं. इथेही तेच होतं, पण एक काटा राहतो. गाण्याच्या उत्तरार्धात वाद्यं थांबतात. खालच्या पट्टीत एकच मागणी सुरू होते, पुन्हा पुन्हा, एकेक आवाज चढत जातो, टाळ्या येतात, सगळा समूह त्याच्या बाजूनं उभा राहतो. आणि उत्तर? येत नाही. त्याच्याभोवती शंभर आवाज आहेत, आणि ते सगळे मिळून तीन माणसंच आहेत. एकटेपणाचं याहून नेमकं चित्र रॉकमध्ये आम्हाला ठाऊक नाही. पाचगणी नको, सिनेमा नको, मृत्यू नको. हे गाणं काठावरचं नाही, त्याला ग्रेस मार्क लागतच नाहीत.

रुसलेला मित्र चौथ्या रविवारी परत आला. यादी वाचली, 'द शो मस्ट गो ऑन' चौथं पाहून जरा शांत झाला, पण सही करताना खाली पेनानं अकरावा नंबर घातला आणि आपलं गाणं लिहिलं. आम्ही खोडलं नाही. यादी दहाचीच आहे, पण कागदावर अकरा आहेत.

तुम्ही घरी जाऊन आपली यादी करा. क्वीनची नको असेल तर आपल्या आवडत्या कुणाचीही. क्रमांक आमच्याशी जुळला नाही तरी चालेल. फक्त प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहा : यातलं गाण्याचं किती, आणि माझं किती.