'स्मृतिचित्रे'मधील घर

लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील विनोद, प्रांजळपणा आणि समोर बसून बोलावे तशी भाषा यांचे कौतुक मराठी समीक्षेने मुक्तकंठाने केले आहे व ते यथार्थच आहे. तथापि ख्रिस्ती कुटुंबांनी हा ग्रंथ आणखी एका दृष्टीने वाचावा असे आम्हांस वाटते. घर कशाने उभे राहते आणि कशाने मोडते, हा प्रश्न त्यात आरंभापासून अखेरपर्यंत वाहतो आहे.

या ग्रंथात आम्हांस तीन घरे दिसतात. पहिले लक्ष्मीबाईंच्या माहेरचे. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने ते ग्रासलेले आहे. बाहेरून येणारी वस्तू धुतल्यावाचून आत येत नाही. भिंती शाबूत आहेत, धान्य आहे, माणसे आहेत; परंतु भयाचा पहारा इतका कडक की, निवांतपणाला उंबरठा ओलांडता येऊ नये. लेखिका हे सारे हसतखेळत सांगते. वडिलांवर ती न्यायनिवाडा करीत नाही. तिच्या लेखणीचे हे मोठेपण होय.

दुसरे घर मोडलेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात दुभंगला. त्यानंतरच्या ताटातुटीच्या काळात त्यांना आधार दिला तो बहिणीच्या हिंदू कुटुंबाने. ही माया त्यांनी कृतज्ञतेने नोंदविली आहे. माया ही केवळ आपल्याच वेशीत नांदते असे मानणाऱ्या ख्रिस्ती वाचकाने ही पाने सावकाश वाचावीत.

पुढे पतिपत्नी एकत्र आली, तरी प्रथम चूल वेगळी आणि पाणी वेगळे. छप्पर एक झाले म्हणून घर एक होत नाही, हे सत्य याहून स्पष्टपणे कोणता उपदेशक सांगू शकेल? जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने उमगले, तेव्हा मनातील भिंत प्रथम पडली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. येथे टिळकांचेही श्रेय मान्य केले पाहिजे. पत्नीच्या श्रद्धेवर त्यांनी बळजबरी केली नाही. ते वाट पाहत राहिले.

तिसरे घर उघड्या दाराचे. दुष्काळात निराधार झालेली मुले, पाहुणे, अडलेनडलेले यांचा त्या घरात सतत राबता असे. टिळकांच्या औदार्याला हिशेब ठाऊक नव्हता. आम्ही धर्मगुरू व्यासपीठावरून अशा आतिथ्याची थोरवी गातो. परंतु डब्यातील पीठ मोजणाऱ्या गृहिणीचा विचार सहसा करीत नाही. 'स्मृतिचित्रे'मध्ये हा हिशेब विनोदाच्या आडून येतो, म्हणूनच तो खरा वाटतो. उघड्या दाराची किंमत घरातील कोणी तरी मोजतच असते.

उत्तरार्धात प्रसंगांची व व्यक्तींची गर्दी होते आणि पूर्वीची एकाग्रता काहीशी विरते, हे नमूद करणे प्राप्त आहे. चौथा भाग तर १९३६ साली लेखिकेच्या निधनाने अपुरा राहिला आणि तो पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केला. तरीही ग्रंथाचे मर्म उणावत नाही.

हे मर्म शुभवर्तमानाशी जुळते. प्रभू येशूचा जन्म परक्या जागी झाला. मस्तक टेकायला आपल्याला ठाव नाही, असे त्याने अनुयायांना सांगितले. पण अम्माऊसच्या वाटेवरील दोघांनी अनोळखी प्रवाशाला आग्रहाने थांबवून घेतले, तेव्हा भाकर मोडताना त्यांना प्रभूची ओळख पटली. घराला घरपण येते ते असे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली कुटुंबाला 'घरगुती ख्रिस्तसभा' म्हटले आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या कुटुंबविषयक पत्रात तोच विचार विस्ताराने मांडला. या नावाचा अर्थ भिंतीवरील क्रूसापुरता किंवा संध्याकाळच्या रोझरीपुरता मर्यादित नाही.

टिळकांनी ख्रिस्ताची वाट धरली, म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहणे आपल्याला सोपे जाते. परंतु आज आपल्याच घरातील मुलगा वा मुलगी आपल्या मनाविरुद्ध वाट धरते, धर्माबाहेर लग्न करते, मिस्सेला येणे सोडते, तेव्हा आपण लक्ष्मीबाईंच्या आप्तांच्या जागी उभे असतो. त्यांचे दुःख किती खोल होते, हे तेव्हा कळते. आपली श्रद्धा न सोडताही त्या मुलाचे ताट मांडता येते. ज्या घरात ते मांडले जाते, तेथे वाट पाहणाऱ्या पित्याचा वास असतो.