‘आय.पी. पत्ता’ : एका रूढ संज्ञेची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी वृत्तपत्रांच्या गुन्हेवार्तांत गेल्या दोन दशकांत एक वाक्य पक्के रूढ झाले आहे : ‘आय.पी. अॅड्रेसवरून पोलीस आरोपीच्या घरापर्यंत पोहोचले.’ वाक्य सुबोध आहे, आणि त्याचा दोषही त्या सुबोधतेतच आहे. संगणकाला पत्ता असतो, पत्त्यावर घर असते, घरात माणूस असतो, असा सरळ जिना हे वाक्य वाचकापुढे उभा करते. या जिन्याच्या पायऱ्या प्रत्यक्षात कशा आहेत, घरगुती जोडणीचा आय.पी. पत्ता कधी बदलतो व कधी महिनोन् महिने तसाच राहतो, आणि ‘पत्ता’ या मराठी शब्दामुळे या व्यवहाराविषयी कोणता गैरसमज दृढ होतो, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक भाषेचा अभ्यासक आहे, अभियंता नव्हे. परंतु संज्ञा चुकली की न्यायही चुकू शकतो, म्हणून हा विषय केवळ अभियंत्यांवर सोपविणे उचित नाही.

एक उदाहरण पुण्यातीलच आहे. २००७ साली ऑर्कुट या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर प्रसिद्ध झाला. पुणे पोलिसांनी तपास सुरू केला. ज्या आय.पी. पत्त्यावरून मजकूर टाकला गेला तो कोणत्या ग्राहकाचा, याची माहिती सेवादात्या कंपनीने पुरविली. त्या आधारे बंगळूर येथील माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील एका तरुण कर्मचाऱ्यास ऑगस्ट २००७ मध्ये अटक झाली. सुमारे पन्नास दिवस त्याने येरवड्याच्या कारागृहात काढले. पत्त्याशी त्याचे नाव जोडणारी माहितीच चुकीची होती, हे पुढे निष्पन्न झाले. मजकुराशी त्याचा काही संबंध नव्हता. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की पत्त्याच्या आकड्यांवर कोणी शंका घेण्याचे कारण नव्हते. चूक झाली ती ‘हा पत्ता कोणाचा?’ या प्रश्नाच्या उत्तरात, आणि तो प्रश्न मुळातच अपुरा होता.

शब्दार्थाचा विचार

मराठीत ‘पत्ता’ हा शब्द मोठा लवचिक आहे. ‘त्याचा पत्ता लागत नाही’ यात तो ठावठिकाणा आहे, ‘पत्ते पिसणे’ यात खेळातील पान आहे. मात्र ‘घराचा पत्ता’ म्हटले की स्थैर्याची एक अपेक्षा त्याला चिकटते. वडगावातील घरावर टाकलेले पत्र माणूस बाहेरगावी असला तरी त्याच घरी येते. पूर्वी ०२११४ हा संकेतांक लावून फिरविलेला दूरध्वनी क्रमांकही घरातील भिंतीजवळच्या उपकरणाशी बांधलेला असे. आय.पी. पत्त्याविषयीची सर्वसामान्य कल्पना याच दोन अनुभवांवर बेतलेली आहे.

वस्तुतः आपल्याच पत्रलेखनात याहून नेमका शब्द पडून आहे. ‘मु. पो. वडगाव, ता. मावळ, जि. पुणे’ असे आपण लिहितो, त्यातील ‘मु.’ म्हणजे मुक्काम. मुक्काम हा तात्पुरता असतो, त्याला आगमन-प्रस्थान असते, आणि आज एकाचा तर उद्या दुसऱ्याचा मुक्काम त्याच जागी असू शकतो. आज कोणी ‘मु.’ लिहिताना हा अर्थ मनात आणत नाही, हे खरे. पण आय.पी. पत्त्याची प्रकृती पाहता तो अर्थच येथे उपयोगी पडतो.

पत्ता टिकतो कसा, बदलतो कसा

घरातील राउटर सुरू होतो तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. तो कंपनीच्या यंत्रणेकडे मागणी करतो, यंत्रणा आपल्या साठ्यातील एक पत्ता देऊ करते, राउटर तो स्वीकारतो आणि यंत्रणा त्यावर शिक्कामोर्तब करते. या देवघेवीच्या नियमावलीस डी.एच.सी.पी. म्हणतात. तिचे आजही पायाभूत असलेले रूप १९९७ साली निश्चित झाले. पत्ता दिला जातो तो मुदतीच्या बोलीने, जणू भाडेपट्ट्याने. मुदत निम्मी सरली की राउटर स्वतःहून नूतनीकरण मागतो आणि सामान्यतः त्याला तोच पत्ता पुन्हा मिळतो. म्हणून राउटर अखंड चालू असेल तर ‘बदलता’ म्हणविला जाणारा पत्ता वर्षभरही बदलत नाही. राउटर मुदतीहून अधिक काळ बंद राहिला आणि मधल्या काळात तो पत्ता दुसऱ्यास दिला गेला, तर मात्र नवा पत्ता मिळतो. राउटर बदलला तरी तेच घडते, कारण यंत्रणा घर ओळखत नाही, उपकरणाचा क्रमांक ओळखते.

भारतात दुसरी पद्धतही मोठ्या प्रमाणावर रुजली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने जनतेसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा प्रत्येक वेळी दूरध्वनीवरून जोडणी करावी लागे आणि प्रत्येक जोडणीस साठ्यातील कोणताही मोकळा पत्ता मिळे. २००५ पासून भारत संचार निगमचे ब्रॉडबँड घरोघरी आले. त्यातही ग्राहकाचे नाव व परवलीचा शब्द देऊन ‘सत्र’ सुरू करण्याची पी.पी.पी.ओ.ई. ही पद्धत होती. सत्र तुटले की पत्ता साठ्यात परत जातो. आता मावळातील पावसाळा डोळ्यांपुढे आणावा. आंदर मावळात वा नाणे मावळात वाऱ्या-पावसाने एका दुपारी तीनदा वीज गेली, तर अशा जोडणीवरील घराने एका दुपारी चार पत्ते वापरलेले असू शकतात. यात कोणाचा लपण्याचा हेतू नसतो, हे तपास करणाऱ्याने ध्यानात ठेवावे. काही कंपन्या ठरावीक तासांनी सत्र स्वतःच तोडतात. म्हणजे पत्त्याचे बदलणे वा टिकणे हा ग्राहकाच्या वर्तनाचा पुरावा होत नाही. तो कंपनीचे धोरण, उपकरण आणि वीजपुरवठा यांचा संयुक्त परिणाम असतो.

जादा आकार भरून ‘स्थिर’ पत्ता घेता येतो. ज्यांना आपल्या जागेतील संगणक बाहेरून गाठता यावा असे वाटते, त्यांना त्याची गरज पडते. शिक्षणसंस्थांना ती वेगळ्या प्रकारे जाणवते. विद्यापीठांच्या परिसरात अनेक संशोधनपत्रिका केवळ आय.पी. पत्ता ओळखून उघडतात, तर महाविद्यालयांसाठीच्या एन-लिस्ट योजनेत प्रत्येक सदस्यास स्वतंत्र नोंदणीनाव दिले जाते. ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकास दुसरी व्यवस्थाच अधिक न्याय्य वाटेल, कारण ज्ञानाचा हक्क येथे इमारतीला न देता माणसाला दिला आहे. तरीही ‘स्थिर’ हे विशेषण जपून वापरावे लागते. हा पत्ता स्थिर असतो तो कराराशी. कंपनी बदलली की तो मागेच राहतो, भिंती त्याच असल्या तरी.

एका पत्त्यावर अनेक बिऱ्हाडे

येथपर्यंतचे विवेचन ‘एका वेळी एक पत्ता, एक घर’ हे गृहीत धरून चालले होते. आज ते गृहीतही टिकत नाही. जुन्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि आशिया-प्रशांत विभागाने १५ एप्रिल २०११ रोजी आपल्या शेवटच्या गटास हात घातला. त्यानंतर ग्राहक तर कोट्यवधींनी वाढले. कंपन्यांनी यावर चाळीचा मार्ग काढला. एका सार्वजनिक पत्त्याआड अनेक घरे बसविली. या अंतर्गत वाटपासाठी २०१२ साली १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत आरंभ होणाऱ्या पत्त्यांचा स्वतंत्र पट्टा राखून ठेवण्यात आला. राउटरच्या बाह्य जोडणीवर असा आकडा दिसला की आपण चाळीत आहोत असे खुशाल समजावे.

चाळीत खोली ओळखावी लागते. ते काम ‘पोर्ट’ क्रमांक करतो. एका पत्त्यास ६५,५३६ पोर्ट असतात. एकेका ग्राहकास हजार पोर्ट नेमून दिले तर एका पत्त्यावर साठांहून अधिक घरे राहतात. अशा वेळी केवळ पत्ता व वेळ सांगून ग्राहक निश्चित होत नाही, पोर्ट क्रमांकही लागतो. आणि तो संकेतस्थळाच्या बाजूने नोंदविलेला नसेल, तर कंपनीच्या दप्तरात सर्व नोंदी असूनही उत्तर एक नाव न येता एक यादी येते. त्या यादीतील पहिल्या नावाशी थांबण्याचा मोह हाच खरा धोका होय.

मावळातील वाचकास हा प्रश्न महसुली भाषेत अधिक चटकन उमगेल. द्रुतगती मार्ग आणि औद्योगिक वसाहती आल्यापासून येथील जमिनींनी किती हात बदलले, हे सर्वज्ञात आहे. ‘अमुक गट क्रमांक कोणाचा?’ असे कोणी विचारले तर जाणता तलाठी ‘कोणत्या साली?’ असा प्रतिप्रश्न करील आणि गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडील. आय.पी. पत्त्याचीही फेरफार नोंदवही असते, तिला ‘लॉग’ म्हणतात. फरक एवढाच की जमिनीचा फेरफार वर्षांनी होतो, हा मिनिटांनी. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटींत बदल करून अशा नोंदी किमान दोन वर्षे जपणे बंधनकारक केले. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी यंत्रणांची घड्याळे शासनमान्य कालदर्शकाशी जुळविण्यास सांगितले. हा दुसरा निर्देश वरवर क्षुल्लक भासतो, पण प्रस्तुत लेखकाच्या मते तोच अधिक मोलाचा आहे. परदेशी संकेतस्थळाच्या नोंदीत जागतिक प्रमाणवेळेनुसार चौदा तारखेचे रात्रीचे आठ वाजलेले असतात, तेव्हा आपल्याकडे पंधरा तारखेची पहाट, दीड वाजलेला असतो. साडेपाच तासांचा हा हिशेब चुकला तर पत्ता अचूक असूनही माणूस दुसराच निघतो.

विद्युतीय नोंदीस न्यायालयात प्रमाणपत्राची जोड लागते. पूर्वी ती पुराव्याच्या कायद्यातील कलम ६५-ब नुसार असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असते. या प्रमाणपत्राची अनिवार्यता सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अधोरेखित केली ती जालना विधानसभा मतदारसंघाच्या वादात, आणि तेथेही प्रश्न घड्याळाचाच होता : उमेदवारी अर्ज दुपारी तीनपूर्वी दाखल झाला की नंतर? परंतु प्रमाणपत्र नोंद कशी निर्माण झाली ते सांगते. नोंदीला योग्य प्रश्न विचारला गेला की नाही, हे ते सांगू शकत नाही.

सहाव्या आवृत्तीचे पत्ते भारतात झपाट्याने पसरले, विशेषतः २०१६ नंतरच्या मोबाइल सेवांमुळे. त्यांची संख्या इतकी अफाट आहे की चाळीची गरज उरत नाही. मग आता तरी पत्ता स्थिर झाला काय? नाही. येथे घराला पत्त्याचा केवळ पूर्वार्ध मिळतो आणि तो कंपनीच्या मर्जीनुसार टिकतो वा बदलतो. उत्तरार्ध घरातील उपकरणे स्वतः रचतात, आणि खासगीपणाच्या रक्षणासाठी तो बहुधा रोजच्या रोज नवा घेतात. टंचाईच्या काळात पत्ता बदलत होता तो नाइलाजाने. विपुलतेच्या काळात तो हेतुपुरस्सर बदलला जातो.

या पार्श्वभूमीवर ‘आय.पी. पत्ता’ ही संज्ञा टाकून द्यावी काय? ती इतकी रुळली आहे की तसा आग्रह धरणे व्यर्थ ठरेल. ‘मुक्काम क्रमांक’ असा पर्याय सुचविता येईल, परंतु बँकेच्या वा विद्यापीठाच्या सर्व्हरच्या बाबतीत तो शोभणार नाही, कारण तेथे पत्ता खरोखरच ठाण मांडून असतो. शिवाय मराठीत नव्या संज्ञांचे ढीग कमी नाहीत. संज्ञा राहू द्यावी, वाक्य बदलावे. ‘आय.पी. अॅड्रेसवरून पोलीस आरोपीच्या घरापर्यंत पोहोचले’ याऐवजी वार्ताहराने असे लिहावे : ‘अमुक तारखेस, भारतीय प्रमाणवेळेनुसार अमुक वाजता, हा पत्ता व हा पोर्ट अमुक ग्राहकाच्या जोडणीस दिलेला होता, असे कंपनीने कळविले आहे.’ वाक्य लांबते, बातमीचा डौल जातो. पण त्यात ‘आरोपी’ हा शब्द घालायला जागा उरत नाही.