‘अजेंडा सेटिंग’: पाच मार्कांची ओळ आणि मूळ लेख

पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाच्या नोट्समध्ये ‘अजेंडा सेटिंग’ एका ओळीत उरकतात: लोकांनी कशाबद्दल विचार करायचा, ते माध्यमं ठरवतात. झालं, पाच मार्क! पण मॅकॉम्ब्स आणि शॉ यांनी १९६८च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपल हिल या एकाच गावातल्या, मत पक्कं न झालेल्या १०० मतदारांना विचारलं होतं. त्यांना महत्त्वाचे वाटणारे मुद्दे आणि बातम्यांतले मुद्दे यांचा क्रम जवळजवळ जुळला. म्हणजे सहसंबंध दिसला. कोणामुळे कोण, हे त्यातून सिद्ध होत नाही. बातमीदारही लोकांचा कल पाहतोच की. आयंगार आणि किंडर यांनी पुढे बातमीपत्रांत फेरफार करून प्रयोग केले, ते यासाठीच. प्रस्तावात हा सिद्धांत घेताय? मग १९७२चा मूळ लेख वाचा. १२ पानांचाच आहे, आणि ही मर्यादा लेखकांनी स्वतःच त्यात सांगितलीय.