किल्ली न फिरवणारा माणूस

जॉन बॅडम यांचा ‘वॉरगेम्स’ हा अमेरिकन चित्रपट 1983 सालचा. राष्ट्राचे संरक्षण यंत्रबुद्धीच्या हाती सोपवावे काय, असा वाद निघाला की त्याचे नाव आजही निघते, आणि निघते ते त्याच्या शेवटासाठी. माझे मत निराळे आहे. या चित्रपटाचे खरे बळ त्याच्या पहिल्या काही मिनिटांत आहे. शेवटाने ते जवळजवळ गमावले आहे.

आरंभीचा प्रसंग असा: जमिनीखालील क्षेपणास्त्रांच्या तळावर दोन अधिकारी बसले आहेत. हल्ल्याचा हुकूम येतो. दोघांनी एकाच वेळी किल्ल्या फिरवायच्या. त्यांतला वडीलधारा थांबतो. कुणाशी तरी फोनवर बोलल्यावाचून कोट्यवधी माणसे मारायला त्याचा हात धजत नाही. सोबती पिस्तूल रोखतो, तरी नाही. मागाहून कळते की ती केवळ परीक्षा होती आणि शेकडा 22 अधिकारी तीत नापास झाले. वरिष्ठांचा निष्कर्ष सरळ आहे: माणूस हा कच्चा दुवा; तो काढा आणि त्याच्या जागी संगणक बसवा.

पुढे एक शाळकरी मुलगा खेळ समजून त्या संगणकाशी युद्ध मांडतो. संगणकाला खेळ आणि युद्ध यांतला भेद ठाऊक नाही. अखेरीस फुल्लीगोळ्याचे डाव आणि साऱ्या युद्धयोजना खेळून पाहिल्यावर त्यालाच उमगते की येथे कुणीच जिंकत नाही. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. माझी तक्रार नेमकी येथे आहे. जो विवेक दाखवला म्हणून माणसाला हाकलले, तोच विवेक पटकथेने यंत्राच्या पदरात फुकट घातला. भय जागे केले आणि लगेच थोपटून निजवले.

वास्तवाने अशी सोय ठेवली नाही. चित्रपट पडद्यावर येऊन चार महिनेही झाले नव्हते. 26 सप्टेंबर 1983 च्या रात्री मॉस्कोजवळच्या सेर्पुखोव्ह-15 या केंद्रावर सोव्हिएत उपग्रहयंत्रणेने अमेरिकेहून एक, मागोमाग आणखी चार क्षेपणास्त्रे निघाल्याचा इशारा दिला. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने ती फसली होती. कामावर असलेले लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी विचार केला: खरा हल्ला पाचच क्षेपणास्त्रांनी कोण सुरू करील? त्यांनी इशारा खोटा असल्याचे वर कळवले. पुढे त्यांनीच सांगितले की त्या रात्रीची नोंदवही न भरल्याबद्दल आपल्याला बोल लावला गेला. त्या तळावरच्या अधिकाऱ्याचे हे सख्खे भावंडच! फरक एवढाच की येथे यंत्राला काही उमगले नाही. उमगले ते माणसाला.

नोव्हेंबर 2024 मध्ये लिमा येथे बायडन आणि शी जिनपिंग यांनी अण्वस्त्रे वापरण्याचा निर्णय माणसाच्याच हाती राहावा, हे मान्य केले. हे स्वागतार्ह आहे. पण पुरेसे नाही. धोका यंत्र बंड करील हा नव्हे. ते चुकेल, तेही क्षणार्धात आणि पूर्ण खात्रीने, हा आहे. इशारा यंत्राचा, अर्थ यंत्राने लावलेला, सल्लाही यंत्राचा आणि विचाराला मिनिटे चार, अशी स्थिती आली तर माणूस निर्णय घेत नसतो. तो तयार कागदावर अंगठा उठवत असतो. शंका घ्यायला लागणारा वेळ आणि शंका घेणाऱ्याला अभय, ही दोन्ही राखली तरच ‘माणसाचे नियंत्रण’ या शब्दांना अर्थ. ‘वॉरगेम्स’ पुन्हा पाहणाऱ्याने म्हणून शहाण्या संगणकापाशी रेंगाळू नये. त्या नापास ठरलेल्या अधिकाऱ्याच्या थांबलेल्या हाताकडे नीट पाहावे.