चित्रशाळेतला डोळा

आमच्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेत किराणा मालाचे एक जुने दुकान आहे. दुकानदाराची थोरली मुलगी दहावीपर्यंत आमच्या शाळेत होती. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा तिने वरच्या श्रेणीत काढल्या. आता ती बारावीला आहे. नवरात्राच्या आधी एका संध्याकाळी तिचे वडील तिला घेऊन माझ्याकडे आले. चहा झाला, लांबलेल्या पावसाचे बोलणे झाले आणि मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. मुलीला बारावीनंतर चित्रकलेच्या महाविद्यालयात जावयाचे होते, आणि तेथे फोटोग्राफीही शिकावयाची होती.

“गुरुजी, चित्रकलेचे मी एक वेळ समजू शकतो,” ते म्हणाले, “पण फोटो? फोटो काय, आमच्या दुकानातला पोऱ्याही काढतो. खिशातून मोबाइल काढला, दाबला, झाले! त्याकरता पोरीला चार वर्षे मुंबईस ठेवायची?”

मुलगी खाली मान घालून बसली होती. मी मॅट्रिक झालेला मास्तर. चारदोन कादंबऱ्या लिहिल्या म्हणून गावात मान आहे, पण विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून मी कधी चढलो नाही. शिवाय एक जुनी गोष्ट मनात सलत होती. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाने मला हाच सल्ला विचारला होता, आणि मी क्षणाचाही विचार न करता “चित्रकला छंद म्हणून ठेव” असे सांगून मोकळा झालो होतो. त्याने माझे ऐकले. आज बाजारात भेटला की तो अदबीने नमस्कार करतो, आणि त्या नमस्काराने मलाच ओशाळल्यासारखे होते. म्हणून या खेपेस “दिवाळीत सांगतो” एवढेच म्हणून मी वेळ मागून घेतली.

मुंबईच्या एका स्नेह्याने दिलेला होमाई व्यारावाला यांच्या छायाचित्रांचा ग्रंथ माझ्या घरी होता. आजवर तो मी पाहुण्यांना दाखवण्यापुरताच उघडला असेल. या महिन्यात मात्र दुकानदाराचा प्रश्न समोर ठेवून मी तो पानापानाने पाहिला. त्या पाहण्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

होमाईबाईंची ओळख ‘भारतातील पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार’ अशी करून दिली जाते. ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. ‘पहिली’ म्हटले की आपण टाळ्या वाजवतो आणि चित्रे पाहावयाची विसरतो. बाईंचा जन्म १९१३ साली नवसारीस एका पारशी कुटुंबात झाला. वडील फिरत्या नाटक मंडळीत नट होते. मुंबईस शिकत असताना मॅट्रिकच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. पुढे सेंट झेवियर्समध्ये अर्थशास्त्र झाले, आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला-शिक्षकाची पदविका झाली. म्हणजे कागदोपत्री पाहिले तर होमाईबाई माझ्याच धंद्यातल्या व्हावयाच्या होत्या. त्या झाल्या छायाचित्रकार.

आणि येथेच आमच्या दुकानदाराच्या बाजूने एक मुद्दा आहे, तो आधी मान्य केला पाहिजे. होमाईबाईंना कॅमेरा चित्रशाळेने शिकवला नाही. तो शिकवला माणेकशा व्यारावाला यांनी, जे पुढे त्यांचे पती झाले. फिल्म धुणे, अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली कागदावर चित्र उमटवणे, हे सारे घरचे शिक्षण. मग चित्रशाळेने दिले काय?

याचे उत्तर त्यांच्या आरंभीच्या चित्रांत आहे. १९३० नंतरच्या त्या दशकात त्यांनी आपल्या वर्गातल्या मैत्रिणींचीच छायाचित्रे काढली. रेहाना मोगल ही त्यांतली एक. तिचा चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही. त्या काळी मुलीचा फोटो म्हणजे स्टुडिओतला रंगवलेला पडदा, शेजारी कुंडी आणि लग्नासाठी दाखवावयाचा अवघडलेला चेहरा. जे. जे. मधल्या या मुली तशा नाहीत. उजेड एकीकडून येतो, गालाचे हाड उठून दिसते, मान कोठे वळते ते सावली सांगते. ज्याने कागदावर कोळशाने शीर्षाभ्यास केला आहे, त्यालाच असे सुचावे. आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक मडके आणि दोन वांगी टेबलावर मांडून मुलांना पहिले वाक्य सांगत, “आधी उजेड कुठून येतो ते पाहा, पेन्सिल मग उचला.” होमाईबाईंनी पेन्सिलीच्या जागी कॅमेरा उचलला, पण पाहण्याचा क्रम मोडला नाही.

चित्रशाळेने दिलेली दुसरी गोष्ट म्हणजे सोबत. प्रथम छापून आलेली त्यांची छायाचित्रे स्त्रियांच्या एका सहलीची होती. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ पत्राने ती छापली आणि दर चित्रास एक रुपया दिला. एकत्र शिकणाऱ्या, एकत्र हिंडणाऱ्या मुलींचा तो घोळका नसता, तर वीस-बावीस वर्षांच्या मुलीच्या कॅमेऱ्यापुढे निःसंकोच उभे कोण राहिले असते? घरात आरसा असतो, सोबत मात्र महाविद्यालयात मिळते.

बाकी चित्रकला आणि छायाचित्रण ही मुंबईत प्रथमपासून शेजारणी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला होता. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली चित्रकलेचे जे वर्ग उघडले, तेही त्याच इन्स्टिट्यूशनमध्ये. त्यांचेच पुढे जे. जे. स्कूल झाले. २०२३ साली त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेव्हा कॅमेरा विद्यापीठात आला याचे नवल करावयास आपण बराच उशीर केला आहे.

आता त्यांची प्रसिद्ध चित्रे घेऊ. १९४२ साली होमाईबाई दिल्लीस गेल्या आणि पुढली पाव शतकाहून अधिक वर्षे साडी नेसून, खांद्यावर कॅमेऱ्याचे ओझे घेऊन राजधानीभर हिंडल्या. १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर प्रथम फडकलेला तिरंगा त्यांनी टिपला. माउंटबॅटन यांचे प्रयाण टिपले. गांधीजींची अंत्ययात्रा टिपली. त्यांच्या मोटारीचा क्रमांक डी. एल. डी. १३. त्यावरून ‘डालडा १३’ हे गमतीचे टोपणनाव त्यांनी घेतले, ते घराघरांतल्या बाळगोपाळांना खचित आवडेल.

या चित्रांत एक चित्र विमानातले आहे. पंडित नेहरू ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नी श्रीमती सायमन यांची सिगारेट पेटवून देत आहेत. सिगारेट त्यांच्या स्वतःच्याही ओठांत आहे. पंतप्रधानाचे असे चित्र म्हणून ते गाजले. पण क्षणभर नावे विसरून पाहावे. दोन माणसे एका इवल्याशा ज्योतीवर वाकली आहेत. साऱ्या रेषा तेथे येऊन मिळतात. दुसऱ्या एका चित्रात नेहरू पालम विमानतळावर वाट पाहत उभे आहेत आणि शेजारीच पाटी आहे, ‘छायाचित्रण सक्त मना’! येथे विनोद कोणी केलेला नाही, तो तेथे नुसता उभा होता. छायाचित्रकाराने आपण कोठे उभे राहावयाचे एवढेच ठरवले. चित्रशाळेत ज्याला रचना म्हणतात ती हीच. चौकटीत काय घ्यावयाचे, काय बाहेर ठेवावयाचे आणि कशाच्या शेजारी काय यावयाचे, याचा तो निवाडा असतो.

हा निवाडा फार झटपट करावा लागे. बाई स्पीड ग्राफिक आणि रोलीफ्लेक्स असे कॅमेरे वापरीत. स्पीड ग्राफिकच्या एका खोक्यात दोनच फिल्मा, पुढे एक आणि मागे एक. एक घेतली की खोके उलटावयाचे. दिव्याचा गोळा दर चित्रास नवा. रोलीफ्लेक्सच्या एका रिळात बारा चित्रे. कॅमेरा पोटाशी धरून वरून वाकून पाहावयाचे, आणि काचेवर डावे ते उजवे दिसावयाचे. ज्याला दोनच चित्रे मिळणार आहेत, तो बटण दाबण्यापूर्वी विचार करतो. आमच्या दुकानातल्या पोऱ्याला दिवसाला पाचशे चित्रे फुकट मिळतात. त्याच्यापाशी यंत्र अधिक चांगले आहे. पण विचार करण्याची सक्ती कोणी केली नाही, म्हणून तो करीत नाही. त्यात त्याचा दोष नाही.

इतके कौतुक केल्यावर उणेही सांगितले पाहिजे, नाहीतर ही टीका नव्हे, सत्काराचे भाषण होईल. होमाईबाईंचा एक दंडक होता. थोर माणसाच्या प्रतिष्ठेस कमीपणा येईल असे चित्र काढावयाचे नाही. हा दंडक सभ्य आहे, आणि आजचे कॅमेरे ज्या रीतीने माणसांच्या अंगावर धावून जातात ते पाहता हवाहवासाही वाटतो. पण त्याची किंमत त्यांच्या कलेने मोजली. दिल्लीच्या चित्रांतली कित्येक हस्तांदोलने ही केवळ हस्तांदोलनेच आहेत. मेजवान्या, स्वागते, हारतुरे यांत माणूस पुष्कळदा पोशाखामागे राहतो. बाई तेथे काम करीत होत्या, आणि काम करणारा माणूस पाहुणचाराच्या खोलीत जपूनच वावरतो. १९७० साली, नव्या छायाचित्रकारांची वागणूक न रुचून, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला.

म्हणून माझे मत रूढ मताच्या उलट आहे. लोक त्यांची थोरवी नेहरूंच्या चित्रांत पाहतात. मला ती जे. जे. मधल्या त्या मैत्रिणींच्या चित्रांत अधिक दिसते. तेथे कोणाची प्रतिष्ठा सांभाळावयाची नव्हती. चित्र काढणारी आणि जिचे काढावयाचे ती, दोघी एकाच बाकावरच्या. दिल्लीतली उत्तम चित्रे उत्तम झाली ती जेथे जेथे तो जुना चित्रशाळेतला डोळा शिष्टाचाराला चुकवून जागा झाला तेथे.

आणखी एक गोष्ट मुलीच्या वडिलांपासून लपवू नये. पदविका हाती असूनही होमाईबाईंची आरंभीची चित्रे छापून आली ती पतीच्या नावाने. बाईचे नाव कोणाला ठाऊक नव्हते, आणि बाई फोटो काढते यावर कोणी विश्वास ठेवला नसता. शिक्षणाने हात आणि डोळा तयार केला, नाव दिले नाही. नाव पुढे कामाने मिळाले, आणि देशाचे पद्मविभूषण तर २०११ साली, बाईंना अठ्ठ्याण्णवावे वर्ष चालू असताना. पुढल्याच वर्षी त्या बडोद्यास वारल्या. तेव्हा चार वर्षांनी पदवी घेतली की मुलीला स्टेशनवर उतरवून घ्यावयास कोणी हार घेऊन येईल, असे मी कोणाला सांगणार नाही.

वसुबारसेच्या दिवशी ग्रंथ काखेत मारून मी दुकानात गेलो. गिऱ्हाइकांची झुंबड होती. पोहे, खोबरे, रवा यांची मापे चालली होती. जरा उसंत मिळाली तेव्हा मी काही न बोलता विमानातले ते चित्र गल्ल्यावर उघडून ठेवले.

त्यांनी चष्मा लावला. “हे नेहरू. आणि या बाई कोण?”

“त्या कोण हे राहू द्या. तुमची नजर आधी कुठे गेली ते सांगा.”

ते पुन्हा वाकले. “हाताकडे,” ते म्हणाले. “तोंडं नंतर दिसली.” मग थोडे थांबून, “असं कसं हो?”

“ते तुम्हाला सांगायला मी मॅट्रिक मास्तर अपुरा आहे,” मी म्हटले. “पण हे शिकवणारी माणसे आहेत, आणि ती शिकायला चार वर्षे लागतात.”

मुलगी आत पिशव्या बांधीत होती. तिचा हात थांबलेला मला दिसला. तिच्या वडिलांनी पाने उलटावयास सुरुवात केली. मैत्रिणींच्या चित्रांपाशी ते बराच वेळ थांबले. एका गिऱ्हाइकाने दोनदा साखर मागितली, ती त्यांना ऐकू गेली नाही. शेवटी ग्रंथ मिटून त्यांनी तो गल्ल्यामागच्या फळीवर, वहीखात्यांशेजारी ठेवला.

“हा पाडव्यापर्यंत राहू द्या माझ्याकडे, गुरुजी,” ते म्हणाले. “आणि ती प्रवेशपरीक्षा की काय म्हणता, तिचा अर्ज कधी भरायचा ते पोरीला नीट लिहून द्या.”